कपाटातले प्रबंध इंटरनेटवर: संस्थेची डीस्पेस रिपॉझिटरी उभारताना

आमच्या ग्रंथालयात प्रबंधांची तीन लोखंडी कपाटं आहेत. "हे सगळं ऑनलाइन टाकायचंय, महिनाभरात होईल ना?" असं वरून विचारलं गेलं आणि मी 'हो' म्हणून बसले. प्रत्यक्षात 14 महिने लागले. त्यात सॉफ्टवेअर बसवायला लागले फार तर तीन आठवडे. बाकी सगळा वेळ परवानग्या, माणसांची नावं आणि मराठी फाँट यांनी खाल्ला. डीस्पेस (रिपॉझिटरी, म्हणजे दस्तऐवजांचा ऑनलाइन साठा, चालवणारं सॉफ्टवेअर) कसं बसवायचं हे दाखवणारे व्हिडिओ पैशाला पासरी मिळतात, पण या उरलेल्या तेरा महिन्यांबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

कोहा किंवा सोल ही ग्रंथालयाच्या सूचीची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांचा सुरुवातीला एक गोंधळ होतो, तो आधीच मिटवते. कोहा सांगतं की पुस्तक कुठल्या मांडणीवर आहे. रिपॉझिटरी पुस्तकच हातात देते, तेही जगात कुणालाही, पैसे न घेता, आणि ज्या पत्त्यावर देते तो पत्ता वीस वर्षांनी बदललेला नसावा अशी अपेक्षा असते. संस्थेच्या वेबसाइटवर पीडीएफची यादी लावणं म्हणजे रिपॉझिटरी नव्हे. वेबसाइट नव्यानं बनवली की त्या सगळ्या लिंक मेल्या.

1. काय ठेवायचं ते कागदावर लिहा

प्रबंध, प्राध्यापकांचे शोधनिबंध, संस्थेचं नियतकालिक, दुर्मीळ पुस्तकं, अहवाल: यातलं काय घ्यायचं ते आधी ठरवा. आमच्याकडे बैठकीत कुणी प्रश्नपत्रिका सुचवल्या, कुणी स्नेहसंमेलनाचे फोटो. नाही म्हणायला शिका. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची रिपॉझिटरी दुर्मीळ पुस्तकांमुळे अभ्यासकांच्या उपयोगी पडते, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची तिथल्या शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांमुळे. दोन्ही डीस्पेसवरच उभ्या आहेत, पण आपल्याकडे काय आहे हे दोघांना पक्कं ठाऊक आहे. एकदा त्या चाळून बघा, बैठकीत दाखवायलाही बऱ्या पडतात.

2. परवानग्या

ही पायरी सगळे शेवटी ठेवतात. मीही ठेवली होती आणि 60 प्रबंध चढवल्यावर ते उतरवावे लागले.

प्रबंधाचा कॉपीराइट साधारणपणे विद्यार्थ्याचा असतो. मार्गदर्शकाचा नव्हे, ग्रंथालयाचा तर नव्हेच. यूजीसीच्या 2009 च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या राष्ट्रीय प्रबंधसंग्रहात जमा होऊ लागले, त्यामुळे नव्या विद्यार्थ्यांना ही कल्पना नवी नाही. अडचण जुन्यांची. आम्ही मार्ग काढला तो असा: ज्यांचा पत्ता लागला त्यांना पत्र पाठवलं. ज्यांचा लागला नाही, त्यांच्या प्रबंधाची नोंद आणि सारांश खुला ठेवला आणि मूळ फाईल बंद. डीस्पेसमध्ये नोंद सगळ्यांना दिसते, पण फाईल फक्त परवानगी असलेल्यांना उघडते, अशी सोय आहे.

शोधनिबंधांचं प्रकरण वेगळं. प्राध्यापक उत्साहानं प्रकाशकाची छापील पीडीएफ पाठवतात. बहुतेक मोठे प्रकाशक ती खुली ठेवू देत नाहीत. परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेलं, स्वीकारलं गेलेलं पण प्रकाशकानं मांडणी न केलेलं हस्तलिखित ठेवू देतात, अनेकदा काही महिने थांबल्यावर. कुठलं नियतकालिक काय परवानगी देतं हे शेर्पा रोमिओ या यादीत बघायचं. आता तिचं नाव ओपन पॉलिसी फाइंडर झालंय. "माझाच तर लेख आहे" असं म्हणणारे भेटतील. त्यांना त्यांनीच सही केलेला करार दाखवायला सांगा, नम्रपणे. प्रकल्पाला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा (डीबीटी) किंवा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा (डीएसटी) निधी असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, कारण त्यांचं 2014 चं धोरण अशी हस्तलिखितं रिपॉझिटरीत जमा करा असंच सांगतं.

जुन्या पुस्तकांसाठी हिशोब सोपा: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. मात्र भाषांतर असेल तर भाषांतरकाराचंही वर्ष बघा. संपादित आवृत्ती असेल तर प्रस्तावना कुणाची आहे तेही पाहा.

आणखी एक सापळा. डीस्पेसमध्ये लेखक फाईल देताना एका परवान्याला 'मान्य' म्हणतो. त्या परवान्याचा मजकूर सॉफ्टवेअरसोबत नमुना म्हणून येतो आणि त्याच्या डोक्यावर 'इथे तुमचा स्वतःचा परवाना टाका' असं लिहिलेलंही असतं. कितीतरी ठिकाणी तो तसाच राहतो आणि लोक वर्षानुवर्षं नमुन्यालाच मान्यता देत बसतात. तुमचा मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहून संस्थेच्या वकिलाला दाखवा.

या टप्प्याला हातात असावेत असे कागद आणि वस्तू:

- प्रमुखांच्या सहीचं, जावक क्रमांक असलेलं धोरणपत्र (दोन पानं पुरतात)
- विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी परवानगीचा फॉर्म
- प्रबंधांची दाखल क्रमांकासह यादी, कपाटाशी ताडून पाहिलेली
- उपडोमेन आणि स्थिर आयपी पत्ता मिळावा म्हणून संगणक विभागाला दिलेलं पत्र
- स्कॅनर, मोकळा हार्ड डिस्क, आणि लिबरऑफिस असलेला एक संगणक

3. सॉफ्टवेअर कुठलं?

डीस्पेस एमआयटीच्या ग्रंथालयानं आणि एचपीनं मिळून 2002 मध्ये आणलं. ईप्रिंट्स त्याआधीचं, साउदम्प्टन विद्यापीठाचं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं 2002 मध्येच ईप्रिंट्सवर आपली रिपॉझिटरी सुरू केली होती. न्यूझीलंडचं ग्रीनस्टोन आपल्याकडच्या ग्रंथपालांनी कार्यशाळांमध्ये पाहिलेलं असतं. सगळी फुकट, सगळी मुक्तस्रोत. मी डीस्पेस घेतलं ते एकाच कारणानं: अडलं की विचारायला माणसं सापडतात. शोधगंगाही त्यावरच आहे.

पण खरं सांगायचं तर, तुमच्याकडे शे-दीडशे दस्तऐवज असतील आणि सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल, तर यातलं काहीच बसवू नका. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या झेनोडो या खुल्या रिपॉझिटरीवर संस्थेच्या नावानं एक कम्युनिटी उघडा. एका नोंदीला 50 जीबीपर्यंत जागा फुकट मिळते, कायमस्वरूपी क्रमांकही मिळतो. पुढच्या चार पायऱ्या वाचल्या नाहीत तरी चालेल, थेट नावांच्या भागावर या.

4. सर्व्हर

निदान 8 जीबी रॅम, शक्य तर 16. वापरात नसलेला जुना डेस्कटॉप गळ्यात मारला जाईल, घेऊ नका. 2021 मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून डीस्पेसचे दोन भाग झालेत: मागचा, डेटा सांभाळणारा, जावावर चालतो; पुढचा, वाचकाला दिसणारा, नोडवर. पुढचा भाग तयार करतानाच तो चार-पाच जीबी गिळतो. रॅम कमी असेल तर काम अर्ध्यात बंद पडतं आणि कारणही धड सांगत नाही.

5. बसवणं

सगळ्यात आधी आवृत्ती ठरवा आणि फक्त त्याच आवृत्तीची अधिकृत कागदपत्रं वाचा. सहाव्या आवृत्तीपर्यंतचं डीस्पेस आणि सातव्यानंतरचं यांचं नावच काय ते सारखं. जुन्या आवृत्त्यांना 2023 नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे पाच किंवा सहा शिकवणारा व्हिडिओ लागला की बंद करा. सातला टॉमकॅट 9 (मागचा भाग चालवणारा सर्व्हर) लागतो. आठपासून जावा 17 आणि टॉमकॅट 10.1 लागतो. मी सातचा व्हिडिओ बघत आठ बसवत होते, दोन रात्री त्यात गेल्या.

क्रम ढोबळ असा: उबुंटू, जावा, पोस्टग्रेस (हा डेटाबेस), सोलर (हे शोधयंत्र, सौरऊर्जेशी संबंध नाही, पण हिशोब विभागानं आम्हाला तसं विचारलं होतं खरं), मग मागचा भाग, मग टॉमकॅट, मग नोड आणि पुढचा भाग, आणि सगळ्यांच्या पुढे दारवान म्हणून एनजिनएक्स. प्रत्येक टप्प्यावर तो तुकडा एकटा चालतो का ते तपासा, मगच पुढे जा.

जिथे अडायला होतं त्या जागा:

*पाचशे क्रमांकाची चूक.* पुढचं पान उघडतं आणि सेवा उपलब्ध नाही म्हणतं. बहुतेक वेळा पुढच्या भागाला मागच्याचा पत्ता चुकीचा दिलेला असतो. पण आमचं कारण निराळं होतं, आणि कॅम्पसमध्ये ते वारंवार दिसतं. बाहेरून साइट उघडायची, पण खुद्द सर्व्हरला स्वतःचंच सार्वजनिक नाव सापडत नव्हतं, कारण फायरवॉल आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नव्हती. पुढचा भाग मागच्याशी त्याच सार्वजनिक नावानं बोलतो, म्हणून सगळं ठप्प. सर्व्हरच्या होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ टाकली आणि सुटलं. त्या ओळीसाठी नऊ दिवस.

*लॉगिन होत नाही.* पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनचंच पान. साइट एचटीटीपीएसवर आहे का ते बघा. साध्या एचटीटीपीवर नवं डीस्पेस लॉगिन टिकू देत नाही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण 90 दिवसांत संपतं. ते आपोआप नवं होतंय ना, ते पहिल्या तीन महिन्यांत डोळ्यांनी पाहा.

*मोठी फाईल चढत नाही.* एनजिनएक्स मुळात 1 एमबीच्या वरचं काही आत घेत नाही. मर्यादा वाढवा. प्रबंधाचं एक प्रकरणसुद्धा त्यात मावत नाही.

6. पहिली नोंद करण्याआधी हँडल

प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता मिळतो, त्याला हँडल म्हणतात. त्याची सुरुवात संस्थेच्या क्रमांकानं होते आणि तो क्रमांक अमेरिकेच्या सीएनआरआयकडून नोंदवून, वार्षिक शुल्क भरून घ्यावा लागतो. नाही घेतला तर डीस्पेस 123456789 हा नमुना क्रमांक लावतं. आपल्याकडच्या रिपॉझिटऱ्या उघडून बघा, पत्त्यात हे एक ते नऊ किती जागी दिसतात! तो पत्ता आंतरराष्ट्रीय हँडल सेवेतून कधीच उघडत नाही. कुणी शोधनिबंधात उद्धृत केला तर वाचणारा भिंतीवर आपटतो. नंतर बदलता येतो, पण तोवर लोकांनी जिथे उतरवून घेतला तिथला कोण बदलणार? शुल्क फार नाही. डॉलरमध्ये पैसे पाठवायची आपल्या हिशोब विभागाची तयारी करून घेणं हेच खरं काम.

7. कप्पे

डीस्पेसमध्ये कम्युनिटी, तिच्यात कलेक्शन, त्यात नोंदी. विभागवार कम्युनिटी करायचा मोह होतो. विभागांची नावं बदलतात, दोनाचा एक होतो, मग पंचाईत. आम्ही दस्तऐवजाच्या प्रकारानुसार कप्पे केले आणि विभागाचं नाव नोंदीत लिहिलं.

8. नावं, तारखा, विषय

आता मुख्य. डब्लिन कोअर नावाचा 15 घटकांचा आराखडा आहे: शीर्षक, कर्ता, विषय, तारीख वगैरे. ग्रंथपालाला त्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते आपल्या लोकांची नावं त्यात बसवणं.

आमच्या पहिल्या तुकडीत डेटा भरणाऱ्या मुलांनी मुखपृष्ठावर होतं तसं उतरवलं: 'डॉ. अमुक', 'प्रा. तमुक', 'सौ. अमकी'. लेखकांची अकारविल्हे यादी उघडली तर अर्धी संस्था 'ड' खाली उभी! उपाधी काढा. आडनाव, स्वल्पविराम, नाव, असाच क्रम. मधलं नाव पूर्ण लिहायचं की आद्याक्षर, ते एकदा ठरवा आणि भिंतीवर चिकटवा. चौधरी हे आडनाव रोमन लिपीत निदान चार तऱ्हांनी लिहितात, आणि एकच चौधरीसर चारही तऱ्हांनी लिहीत आलेले असतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचं तर विचारूच नका; एम.फिल. एका नावानं, पीएच.डी. दुसऱ्या. कुठलं नाव मुख्य धरायचं हे त्यांनाच विचारा, तुम्ही ठरवू नका. हयात लेखकांना ऑर्किड क्रमांक (संशोधकाची जगभर एकच ओळख) काढायला लावला की पुढचा घोळ कमी होतो.

मराठी प्रबंधाचं शीर्षक देवनागरीतच मुख्य ठेवा, रोमन रूप 'इतर शीर्षक' या रकान्यात. उलटं केलंत तर मराठीत शोधणाऱ्याला यादीत भलतंच काही दिसतं.

तारीख: वर्षच माहीत असेल तर वर्षच लिहा, उगाच 1 जानेवारी चिकटवू नका. जुन्या पुस्तकांवर शके असतं. शके 1850 म्हणजे 1928-29. महिना कळत असेल तर नेमकं वर्ष काढा, नसेल तर 78 मिळवून येणारं वर्ष घ्या आणि मूळ शके टिपेच्या रकान्यात जसंच्या तसं ठेवा.

विषयशब्दांबाबत मराठीची खास अडचण आहे. डीस्पेसच्या शोधयंत्राला इंग्रजी शब्दांचे प्रत्यय कळतात, मराठीचे नाहीत. मजकुरात 'शेतकऱ्यांच्या' असेल तर 'शेतकरी' शोधणाऱ्याला तो सापडत नाही. म्हणून विषयशब्द मूळ रूपात, एकवचनी, विभक्तीविना भरा. एका प्रबंधाला सहा-सात तरी. शीर्षकात 'दुष्काळग्रस्तांचे' असेल तर विषयात 'दुष्काळ' हवाच.

आणि टंकलेखन. 'ॲ' हे एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. 'ऱ्या'चंही तसंच, कळफलकानुसार दोन रीती. पडद्यावर फरक दिसत नाही, पण विषयांच्या यादीत एकच शब्द दोनदा अवतरतो. सगळ्या डेटा भरणाऱ्यांना एकच कळफलक द्या. आमच्याकडे तिघांचे तीन होते.

9. मराठी पीडीएफची परीक्षा

फाईल चढवण्याआधी एक करा: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर उत्तम. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा उमटला तर तो प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये आहे. माणसाला तो वाचता येतो, यंत्राला नाही. डीस्पेस रात्री पीडीएफमधला मजकूर उपसून शोधयंत्राला देतं, आणि या फाइलींतून तो चिवडाच जातो. मी 112 फाइली तपासल्या, त्यातल्या 80 अशा निघाल्या.

उपाय: आतला मजकुराचा थर टाकून द्यायचा आणि पानांच्या चित्रांवरून नव्यानं ओसीआर करायचं, म्हणजे अक्षरं यंत्राकडून वाचून घ्यायची. टेसरॅक्टला मराठी येतं, फुकट आहे, आणि ओसीआर-माय-पीडीएफ हे साधन त्याच्याकडून अख्खी फोल्डरं रात्रीतून करून घेतं. जुना थर टाकून सक्तीनं ओसीआर करण्याचा पर्याय त्यात आहे, तो लावायला विसरू नका. संगणकावर छापलेले प्रबंध चांगले वाचले जातात. खिळ्यांच्या छपाईची जुनी पुस्तकं आणि टंकलिखित प्रती वाचताना ते जोडाक्षरांवर ठेचकाळतं. तिथे निदान अनुक्रमणिका हातानं टाइप करून नोंदीत घाला.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. डीस्पेस मुळात एका फाइलीच्या पहिल्या 1,00,000 अक्षरांपुरताच मजकूर उपसतं. अडीचशे पानांच्या प्रबंधाचा उत्तरार्ध, म्हणजे नेमके निष्कर्ष, शोधात येतच नाहीत. मर्यादा वाढवता येते, पण दोन जागी: मजकूर उपसणाऱ्याची आणि शोधयंत्राची. एकाच ठिकाणी वाढवून मी महिनाभर निश्चिंत होते.

स्कॅन 300 डीपीआयला करा आणि तो मूळ संच वेगळ्या डिस्कवर जपा. लोकांसाठीची प्रत हलकी हवी. गूगल स्कॉलर 5 एमबीच्या वरची फाईल घेत नाही, म्हणून मोठे प्रबंध प्रकरणवार तोडलेले बरे.

10. एकगठ्ठा चढवणं

एकेक नोंद फॉर्ममधून भरायची तर जन्म जाईल. तक्ता करून, फाइली ठरावीक रचनेच्या फोल्डरांत ठेवून सगळं एकदम आत घेता येतं. फक्त तो सीएसव्ही तक्ता एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते आणि 'पूर्ववत' चालत नाही. लिबरऑफिस वापरा, उघडताना आणि जतन करताना यूटीएफ-8 निवडा. एका रकान्यात दोन लेखक असतील तर मध्ये दोन उभ्या रेघा. आधी पाच नोंदींची तुकडी चढवा, नीट पाहा, मग पन्नास.

11. बॅकअप

डीस्पेस फाइली असेटस्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवतं, पण मूळ नावानं नाही. लांबलचक आकड्यांच्या नावानं. कुठला आकडा म्हणजे कुणाचा प्रबंध हे फक्त डेटाबेसला माहीत. त्यामुळे नुसतं फोल्डर कॉपी केलंत तर हाती आकड्यांचं पोतं येतं. डेटाबेस आणि फोल्डर दोन्ही, एकाच रात्री, एक प्रत दुसऱ्या इमारतीत. वाचकसंख्येची आकडेवारी तर या दोन्हींत नसते, ती सोलरमध्ये असते. नॅकच्या मूल्यांकनासाठी तीच आधी मागतात, म्हणून ती वेगळी काढून ठेवा. आणि वर्षातून एकदा दुसऱ्या यंत्रावर बॅकअपवरून सगळं उभं करून बघा.

12. बाहेर कळवा

इतर यंत्रांना आपल्या नोंदी उचलू देणारी ओएआय नावाची सोय सुरू करा, तिची यादी रोज रात्री ताजी होईल असं काम लावा. मग ओपनडोअर या जागतिक सूचीत नोंदणी करा आणि खरगपूरच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाला कळवा. नोंदी तिथून आपोआप उचलल्या जातात. साइटमॅप गूगलला द्या. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. पाठोपाठ यंत्रांच्या धाडीही येतील, हल्ली एआय कंपन्यांचे बॉट रात्रंदिवस पानं ओरबाडतात आणि सर्व्हर धापा टाकतो. एनजिनएक्समध्ये दर मिनिटाच्या विनंत्यांवर मर्यादा घाला, पण ओएआयचा पत्ता आणि गूगल स्कॉलर त्यातून वगळा.

एवढं झालं की एक जाड वही आणा. प्रशासकाचं खातं कुणाच्या खासगी ईमेलवर नको, ग्रंथालयाच्या पदाच्या ईमेलवर हवं. आमचं पहिलं खातं कंत्राटी मुलाच्या ईमेलवर होतं आणि तो नोकरी सोडून गेला. हँडलच्या शुल्काची तारीख, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, कुठल्या फाइलीत काय बदललं ते, भिंतीवरचा नावांचा नियम, सगळं त्या वहीत. पासवर्ड लाखेनं बंद केलेल्या पाकिटात, संचालकांच्या कपाटात.